होडीवालीचा आवाज

३ नोव्हेंबर, सोम.
कासार आंबोली. नऊला स्टुडिओ उघडला. अश्विनी साडेनऊला आली. गेममधले दोन बग काढले. डबा खाल्ला. मुक्ता वारली त्याला आज महिना झाला. आईचा फोन आला होता, फार बोललो नाही.
दुपारी अश्विनीने विषय काढला. गेममधल्या होडीवालीचं सगळं बोलणं अजून मुक्ताच्याच आवाजात आहे. ते तात्पुरतं होतं. आमची पहिल्यापासून हीच पद्धत, आधी आपणच बोलून भरायचं, शेवटी खरा आवाज घालायचा. गेम १४ तारखेला द्यायचा आहे. "काय करायचं, दादा?" बघू म्हटलं.

४ नोव्हें.
मुक्ताची कामांची यादी उघडली. त्यात: 'होडीवाली – माझा आवाज काढणे. हिराकाकूंचा घेणे. त्यांना सांगितलंय.' हिराकाकू म्हणजे आमच्या घरमालकीण.
यादी बंद केली.

६ नोव्हें.
विक्रीच्या पानासाठी स्टुडिओचा इतिहास हवा, दहा ओळी. अश्विनी म्हणाली, तुम्हीच लिहा. लिहिलं. धाकट्या बहिणीने, मुक्ताने, नोकरी सोडली, सहा महिन्यांनी मी. काकूंच्या गोठ्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पहिला गेम कोणी घेतला नाही. दुसरा थोडा चालला. हा तिसरा. गोष्ट आणि चित्रं तिची, कोड माझं.
सात ओळींत संपलं. ती गेल्याचं लिहायचं का, अश्विनीने विचारलं. नको म्हटलं.

८ नोव्हें., शनि.
काकू आपणहून वर आल्या. "मुक्तीनं मला शब्द दिलाता. भात झोडून झाला की आवाज घेते म्हनली. भात झाला. आता कवा?"
मी खुर्ची पुढे केली.
"मुठ्यात दिलेल्या लेकीला पन सांगून बसलीया मी."
मुक्ताचं बोलणं त्यांना ऐकवलं. हसल्या. "होडीवाली अशी इनवण्या करती व्हय? म्हनं कृपया थांबा! थांब की, म्हनंल ती." मग, "परत लाव." तीनदा लावलं.
सोमवारी या म्हटलं. नाही म्हणणं जमलं नाही.

१० नोव्हें., सोम.
रेकॉर्डिंग. पंखा, फ्रिज बंद. खिडक्यांना गोधड्या. खाली कोंबड्या कोंडल्या. काकूंना वाचता येत नाही. मी वाक्य म्हणायचं, मग त्यांनी. तसंच म्हणत नाहीत, आपलं करून म्हणतात. दोन तास लागले.
"जमलं का रं?"
जमलं. मुक्तापेक्षा चांगलं झालंय. तिलाही ते माहीत असणार, म्हणूनच यादीत...

१२ नोव्हें., बुध.
दिवसभर आवाज बदलले. एक फाइल काढायची, एक घालायची. काढण्याआधी प्रत्येक एकदा ऐकली. अश्विनी मध्येच बाहेर जाऊन उभी राहिली.
संध्याकाळी एकच वाक्य उरलं. 'पाणी चढलंय. आज नाही जमायचं, उद्या या.' काकूंच्या आवाजात ते नाहीच. वाचताना माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली. मधल्या पानावर तेवढंच होतं.
"चुकून?" अश्विनी.
हो म्हटलं. तिने पुढे विचारलं नाही.
"राहू दे ना, दादा. एका वाक्याने कोणाला कळणार?"
काकूंना कळेल. आणि यादीत 'काढणे' आहे, 'एक ठेवणे' नाही. पण ते काढलं की गेममध्ये ती कुठेच बोलत नाही.

१३ नोव्हें., गुरु.
काकू काल रात्रीच लेकीकडे गेल्या, मुठ्याला. रविवारी येणार. गेम उद्या दुपारी द्यायचा. सकाळी लवकर रेकॉर्डर घेऊन निघालो तर अकरापर्यंत परत येता येईल. फोन केला.
"ये की. च्या प्यायला ये."
कशासाठी ते सांगितलं नाही. येतोच असंही म्हटलं नाही.
गेमच्या दोन्ही प्रती तयार करून ठेवल्या. एकीत ते वाक्य तिचं आहे, दुसरीत काकूंसाठी जागा रिकामी.
अश्विनी पाचला गेली. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी खाली गेलं होतं. सहाही झाकणं उघडून भरलं. झाकणं लावली. सांडलेलं पुसून घेतलं.