लाल दोरीच्या तीन फरशा

शनिवार, १४ सप्टेंबर
विचारायची पद्धतच नाही. लेन्दर बोटीवरून आला आणि माझ्या धुण्याच्या खोलीत खोकं आदळून मोकळा. "आई, पीटरनेलचं आहे. सोमवारी नेईल. उघडू नकोस." अठ्ठावन्न वर्षांचा घोडा, अजून बूट दाराबाहेर काढत नाही.

खोक्याला घाण वास. उद्या रविवार. शनिवारी संध्याकाळच्या आत उंबरा, खिडक्या, अंगणातल्या विटासुद्धा घासून व्हायला हव्यात — माझ्या आईच्या वेळेपासून असंच. मग उघडलं. खारट पाण्यात बशीएवढ्या सहा फरशा. तीन लाल दोरी बांधलेल्या, तीन निळी दोरी बांधलेल्या. सगळ्या शेंबडासारख्या बुळबुळीत. हिरव्या साबणाने लाल तीन लख्ख केल्या. तेवढ्यात साबण संपला, दुकानही बंद. निळ्या तशाच आत ठेवल्या. एरवी घाण अर्धी सोडणारी बाई नाही मी.

रविवार, १५ सप्टेंबर
चर्चमध्ये प्रवचन दीड तास. शेजारची कोर्ने घोरली. रविवारी कामाला हात लावायचा नाही, पण लिहिणं हे काम धरत नाही — मी ठरवलंय.

सोमवार, १६ सप्टेंबर
पीटरनेल आली. लेन्दरची पोरगी — समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीव शोधते, त्याचा पगार घेते. कॉफी दिली, एक बिस्किट दिलं, डबा बंद केला. पाहुण्याला एकच, ही आमची पद्धत.

"आजी, लाल दोरीच्या फरशा समुद्रातल्या पवनचक्कीच्या खांबाला टांगल्या होत्या. निळ्या लांब, मोकळ्या पाण्यात. सहा महिने."
"कशाला?"
"आधी हे बारीक जीव येऊन थर धरतात. त्यावर शिंपले, शिंपल्यांमागे मासे. खांबापाशी तो थर वेगळा असतो का, ते बघायचंय."
"थर म्हणजे कसा?"
"बुळबुळीत असतो बघ."

मी डबा उघडला आणि तिला दुसरं बिस्किट दिलं. ती घाबरली. "आजी, डॉक्टरकडे जाऊन आलीस का? काय म्हणाले?"

गुरुवार, १९ सप्टेंबर
पीटरनेलचा फोन. लाल फरशांवर जवळजवळ काहीच नाही, निळ्यांवर भरपूर. तिच्या कामावरच्या मोठ्या बाईंनी तीनदा तपासलं. "आजी, पवनचक्कीपाशी जीव धरतच नाहीत! असं कोणालाच सापडलेलं नाही." आनंदाने रडत होती. मी म्हटलं, थंडी पडली आहे, मफलर घाल.

शनिवार, २१ सप्टेंबर
लेन्दर बंदरावर छाती काढून फिरतोय. "त्या चक्क्यांनी समुद्र मारला. मी कधीचा सांगत होतो. आता माझ्या पोरीने सिद्ध केलं." सगळ्यांना हेरिंग मासळी खिलवली.
"चक्कीवाल्यांच्याच बोटीवर पगार घेतोस, त्यांना सांगितलंस का?"
"आई, तुला विज्ञानातलं कळत नाही."

आज काहीच घासलं नाही. साबण आणलाय, पण ब्रशला हात लागेना. माझा उंबरा तसाच बघून कोर्ने विचारायला आली, कोण वारलं म्हणून.

सोमवार, २३ सप्टेंबर
गुरुवारी पीटरनेल हेगला जाणार. सरकारी लोकांसमोर उभी राहून हे सांगणार. नवे बूट घेतलेत.

उद्या दुसऱ्या कोणी फरशा टांगल्या की त्या बुळबुळीतच निघणार. म्हातारीने घासल्या असं कोणाच्या स्वप्नात तरी येईल का? पोरगी खोटारडी म्हणतील. मग तिला कोण कामावर ठेवणार?

फोन लावला. "बोल आजी." परत मफलरच सांगितला.

बुधवार, २५ सप्टेंबर
पीटरनेल, आज जेवायला येशील तेव्हा ही वही तुझ्या ताटात असेल. मागचा शनिवार नाही, त्याच्या आधीचा. चौदा तारीख. वाच. तोंडाने जमत नाही म्हणून हे.

वाचून झालं की आधी तुझ्या बाईंना फोन लाव आणि माझ्या हातात दे. रडायचं-ओरडायचं नंतर. त्या काय विचारतील त्याचं उत्तर मी देणार. तू तोंड उघडायचं नाहीस, आणि तुझ्या बापाने तर अजिबात नाही.