तीन ओळखीचे

३ मार्च, केरिचो
आलो एकदाचा. नैरोबीपासून बस, पुढे मळ्याच्या जीपमधून नुसता चिखल. पण हवा झकास आहे, बंगली एकट्यापुरती छान आहे आणि नेटही चालतं. मला आणखी काय हवं? चहाच्या कारखान्यातला पगाराचा हिशेब तपासायला आलोय. म्हणजे मी नाही, माझे एजंट. ही माणसं नव्हेत, संगणकातली अक्कल आहे. एक पगारपत्रक वाचतो, एक पत्तीचं वजन पडताळतो, एक लोकांना फोनवर निरोप धाडून विचारतो आणि एक निकाल देतो. जुने हिशेबतपासनीस शितावरून भाताची परीक्षा करायचे. माझे एजंट शीतन् शीत दाबून बघतात.

मॅनेजर लँगट म्हणजे पोटावर पट्टा न मावणारा गृहस्थ. म्हणे आधी सगळ्यांशी हात मिळवा, नाव सांगा, मग कामाला लागा. इतके चिकट हात कोण हातात घेणार? मी नुसतं कंपनीचं पत्र फडकावलं. मग तुंब्यातलं धुरकट, आंबट दूध पुढे आलं. तेही परत पाठवलं.

४ मार्च
नियम मी स्वतः लिहिला आणि मला त्याचा अभिमान आहे. पगारपत्रकातल्या प्रत्येक नावाबद्दल तिघांनी ‘हो, ओळखतो’ असं कळवायचं. नाही कळवलं, तर ते नाव खोटं. भुतांच्या नावे पगार खाणाऱ्यांची सद्दी संपली. नियम सगळ्यांना सारखा, मलाही. तपासणीपुरतं माझं नाव याच पत्रकात आहे.

किटुईहून आईचा फोन आला. जेवलास का, कुणाशी ओळख झाली का. हा नंबर कामाचा आहे, सारखा सारखा करू नकोस, असं सांगून टाकलं.

७ मार्च
पहिलं भूत सापडलं. ताबिथा चेरोनो. ती कधीच वारली, असं तिघांनीही कळवलं. मग तिच्या नावावर पत्ती कोण खुडतं? लँगट म्हणाला, तिची धाकटी बहीण चेबेट. इथे थोरली गेली की तिचा हजेरीचा नंबर धाकटी चालवते, सगळ्या मळ्याला ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणे! गुरांचा गोठा याहून शिस्तीत चालतो. एजंटनं नाव उडवलं.

लँगटला ते लागलं. “पोरा, इथे माणूस कागदावर नसतो, दुसऱ्याच्या तोंडी असतो,” तो म्हणाला. “एकदा तिला भेट तरी.”

जी बाई नाहीच तिला भेटायचं कसं, असं मी विचारलं.

१० मार्च
चेबेट दिसली नाही. ब्याद गेली. लँगटला टोमणा मारायला विचारलं, तुमची चेबेट कुठेय? कोण चेबेट, म्हणाला. पक्का नाटकी.

आणखी बरीच नावं उडाली. दुपारी चहाच्या रांगेत मधेमधे माणूसभर जागा रिकाम्या होत्या, आणि मागचे पुढे सरकत नव्हते. रांगेत उभं राहण्याचीही अक्कल नाही.

१२ मार्च
आज पत्तीनं भरलेली टोपली आपोआप काट्यावर चढली. वारा असेल. भरलेली टोपली — वारा.

एजंटला सांगितलं, थांब. तो म्हणतो, तपासणी अर्धी सोडता येत नाही. नियम तुमचाच आहे.

१३ मार्च
माझं नाव आलं. मुतिंदा क्यालो. एजंटनं फाटकावरच्याला विचारलं — ओळखत नाही. चहावालीला — ओळखत नाही. लँगटनंही तेच कळवलं. या अडाण्यांना मी नाव सांगितलंच कधी?

लँगटकडे धावत गेलो. हात पुढे केला, नाव सांगितलं, दोनदा सांगितलं. त्यानं बघितलं, पण माझ्याकडे नाही. माझ्यामागच्या खिडकीकडे.

१४ मार्च
जेवणघरात मक्याच्या पिठाची उगाली वाढणारा डाव माझ्या ताटावरून पुढे गेला. ओरडलो. एकानंही मान —

भीती वाटतेय. फार.

एजंट म्हणतो, ओळखणारी तीन नावं द्या. सुचेनात. मग म्हणाला, एक तरी?

आई. आईचा नंबर दिला.

१५ मार्च
एजंटकडून उत्तर नाही. मीच आईला फोन लावला. उचलला. आई, मी — मुतिंदा — आई, ओळख ना —

पलीकडे बहीण विचारत होती, कोण आहे गं.

“कुणी बोलतच नाही,” आई म्हणाली. “सकाळी पण कुणीतरी निरोप धाडून विचारत होतं, तुम्हाला मुलगा आहे का म्हणून. मी कळवलं, मला —