नागपूरच्या मामांचं दप्तर

हुडको, भिलाई
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय धोंडबा,

सप्रेम नमस्कार. अक्षरावरून ओळखलं असशील. गुरुजी माझ्या ओळींना बैलमुतारी म्हणायचे, त्या अजून तशाच वाकड्या जातात.

तुझा पत्ता तुझ्या सुमेधनंच दिला. बोरसीला एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेला मुलगा भंडाऱ्याचा निघाला, आणि बोलता बोलता तुझाच मुलगा निघाला. कपाळ थेट तुझं. म्हणाला, "बाबांले फोनवर आयकू येत नाही. पन पत्र आलं का चार-चारदा वाचतात." पस्तीस वर्षं टपाल खात्यात काढलेल्या माणसाला स्वतःच्या नावाची पत्रं किती येत असतील, असं मनात आलं आणि परत येताना मी आंतर्देशीय शोधत दोन पोस्टं फिरलो. मिळालं नाही. म्हणून ही वहीची पानं.

मी बरा आहे. स्टील प्लांटमधून सुटून अकरा वर्षं झाली. गुडघे कुरकुरतात, डोळ्यांत भिंगं बसवली आहेत. सकाळी अंगणात आलो की अजून आधी चिमण्यांच्या धुराकडे बघतो, वारा कुठला आहे ते कळतं. पाठ असलेल्या कविता रोज एकदा म्हणून घेतो, गंजू नयेत म्हणून. तुला तर सगळ्या चालीसकट येत होत्या. अजून येतात का?

आता कामाचं सांगतो. मी चामड्याच्या पिशव्या करायला लागलो आहे.

हसू नकोस. प्लांटमध्ये मी पंपांचे चामडी वॉशर कापायचो. चामडं कुठं ताणतं, कुठं ऐकत नाही, ते बोटांना तिथंच कळलं. रिटायर झाल्यावर बोटांना करमेना. पहिल्यांदा तुकडा घरी आणला तेव्हा रंभा, म्हणजे आमची मंडळी, दारात आडवी उभी राहिली. "प्लांटात वॉशर कापले ते येगळं. घरात चामडं कावून?" शेवटी मागच्या व्हरांड्यात मला एक पाट मिळाला, आणि हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही असा करार झाला. तिथं बसून शिवतो. एक सुई डावीकडून, एक उजवीकडून. दोन टाक्यांत कवितेचा एक चरण बरोबर बसतो. चाल चुकली की टाकाही वाकडा पडतो, हे मला म्हातारपणी कळलं.

नात करिष्मा विक्रीचं बघते. कॉलेजात आहे; मराठी घरापुरती, तीही अर्धी. तिनं रायपूरच्या एका दुकानाकडून बारा पिशव्यांची ऑर्डर आणली आहे, डिसेंबरअखेर द्यायच्या. सगळ्या एकाच घाटाच्या. अख्खा एकच तुकडा, तीन घड्या, बुडाला शिवण नाही, बक्कल नाही. चामड्याची जीभ चिरेतून ओवली की झालं बंद. घाट माझ्या शाळेतल्या दप्तराचा आहे. ते अजून आहे बरं का! आमच्या घरात त्याला 'नागपूरच्या मामांचं दप्तर' म्हणतात. तेच उसवून, कागदावर पसरून मी कापायचा बेत काढला. आतल्या बाजूला आरीनं टोचलेले तीन ठिपके आहेत, तेही हाताला लागले म्हणून उतरवले. करिष्मानं विचारलं, "आजोबा, ये आपका लोगो है क्या?" मी हो म्हणालो.

दुकानाला प्रत्येक पिशवीवर एक चिठ्ठी हवी. तिच्यावर दोनच गोष्टी लिहायच्या: कोणी बनवली आणि किंमत काय. इथं मी अडलो आहे.

करिष्माचं सोपं आहे. "माल का दाम, आपके घंटे, और थोडा ऊपर." पण माझ्या तासाचा भाव काय? प्लांटमध्ये तो ठरलेलाच मिळायचा, मला कोणी विचारलं नव्हतं. एका पिशवीला अकरा तास लागतात. त्यातले दोन तास मी सुई हवेत धरून एखादी ओळ आठवत बसलेला असतो, ते धरायचे की सोडायचे?

म्हणून मी एक प्रयोग केला. नुसतं कुतूहल. आमच्या मार्केटच्या कोपऱ्यावर कलावती चपला-बूट दुरुस्त करते. नवरा गेल्यावर त्याच्याच जागी बसली. तिला म्हटलं, माझी एक पिशवी आठवडाभर तुझ्या खुंटीला टांग आणि कोण किती द्यायला तयार होतो ते सांग. ती तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, "बबा, मोर करा कोन लेही?" माझ्याकडून कोण घेणार? तरी टांगली. नऊ जणांनी हातात घेऊन बघितली. सगळ्यात वरचा आकडा अडीचशे. एकजण म्हणाला, "मोची के यहाँ का माल है, इसमें क्या है?"

तीच पिशवी मग मी कॉलनीच्या दिवाळी मेळ्यात ठेवली. जिभेवर माझ्या नखाचा ओरखडा आहे, त्यामुळे चूक होणं शक्य नाही. पांढरा सदरा घालून मागे खुर्चीवर बसलो. एक बाई आल्या. "अंकल, आपने खुद बनाया? प्लांट से रिटायर होके? कितना सुंदर शौक है!" अठराशे रुपये दिले. रुपयानंही कमी करा म्हणाल्या नाहीत.

कलावतीला जाऊन सांगितलं. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "बैग तो उही हे बबा. हाथ बदल गे."

धोंडबा, हे असं कसं रे? चामडं तेच, टाके तेच. मग अडीचशे खरे की अठराशे? तुझे बाबा चपलांची किंमत कशी सांगायचे? मला एवढं आठवतं की ते आधी गिऱ्हाइकाच्या पायांकडे बघायचे, मग बराच वेळ गप्प राहायचे. त्या वेळात ते मनाशी काय मोजत असतील? तू घरात कधी ऐकलं असशील. कळव.

तुझा,
मारोती


हुडको, भिलाई
२ डिसेंबर २०२४

प्रिय धोंडबा,

तुझं कार्ड पावलं. पोस्टमननं देण्याआधी उलटसुलट करून बघितलं. अख्ख्या कार्डावर एकच ओळ. 'तुझे नागपूरचे मामा कसे आहेत?'

मला नागपूरला मामा नाहीत. कुठंच नाहीत. आईला भाऊ नव्हता. राखीच्या दिवशी ती तुळशीला राखी बांधायची, ते तू आमच्या कुंपणाबाहेर उभा राहून बघितलं होतंस.

कार्ड घेऊन मी दोन दिवस व्हरांड्यात बसलो. एक टाका घातला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना रंभाला आणि करिष्माला सगळं सांगितलं. आता तुला सांगतो. तुला ते माहीतच आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलं नाहीस.

सातवीत होतो. माझी कापडी पिशवी फाटली होती, पुस्तकं काखेत धरून यायचो. तू बाबांकडून एक अख्खा तुकडा मागून घेतलास. त्याबदल्यात पंधरा दिवस शाळा सुटल्यावर त्यांच्या हाताखाली बसलास, आणि माझ्यासाठी दप्तर केलंस. बुडाला शिवण कावून नाही, असं मी विचारलं तर म्हणालास, "शिवन आली का पानी येते. पानी आलं का कविता भिजते." मग आरीनं आत तीन ठिपके टोचलेस. "हा मी. कोनाले दिसत नाही, पन आहो."

दुसऱ्या दिवशी ते घेऊन शाळेत आलो. कविता म्हणण्याचा तास होता. तू उभा होतास, पहिलं कडवं म्हणून झालं होतं. गुरुजी बाकांमधून फिरता फिरता माझ्यापाशी थांबले. दप्तर उचललं, जीभ दोनदा ओवून काढली. "कोणाच्या हातचं रे हे? काय पडलं? माझ्या पोरालाही एक घेतो."

तू माझ्याकडे बघून हसत होतास. वाट बघत होतास.

माझ्या डोळ्यांसमोर आई आली. गुरुजी आमच्याकडे चहाला यायचे. दप्तर कोणाच्या हातचं ते संध्याकाळपर्यंत घरी कळलं असतं. मग ते उकिरड्यावर गेलं असतं आणि मला विहिरीवर अंघोळ. मी म्हणालो, "मामांनी आणलं, नागपूरहून. सात रुपयांले."

"वाटलंच," गुरुजी म्हणाले. "इथं कोणाला जमणार हे?"

मग तुझ्याकडे वळून म्हणाले, हं, पुढं. आणि तुला पुढचं कडवं आठवलं नाही. तुला! मग मला उभं केलं. मी ती कविता शेवटपर्यंत म्हटली, चालीत. गुरुजींनी माझी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवसापासून तू खिडकीकडच्या बाकावर बसायला लागलास, आणि आठवीला आजोळी निघून गेलास. घरी मीही मामांचंच सांगितलं. नागपूरचं म्हटल्यावर तेच चामडं आईला चाललं. तिनं स्वतःच्या हातानं ते देवघराशेजारच्या खुंटीला टांगलं.

किंमत कशी ठरते, असं मी तुलाच विचारत होतो! त्या दप्तराची पहिली किंमत मी ठरवली. तुझ्यासमोर, तुझं नाव गिळून. गुरुजी तुझं पहिलं गिऱ्हाईक होते, तेही मी घालवलं. कलावतीच्या खुंटीपाशी नाक मुरडणाऱ्या माणसाला आता मी कोणत्या तोंडानं हसू?

आमच्या घरी काय झालं ते ऐक. रंभाचा घास हातातच राहिला. "लगन झाल्यापासून मी त्या मामांचं कवतिक आयकून राहिली, आन् ते हायेतच नाही?" करिष्मा मात्र हसली नाही. "मतलब वो तीन डॉट भी उनके हैं? आजोबा, ये तो चोरी हुई." मी हो म्हणालो. या वेळी खरं होतं.

जेवण आटोपल्यावर रंभा व्हरांड्यात आली. उसवलेलं दप्तर पाटावर पडलं होतं. त्या पाटावरच्या कशालाही तिनं आजवर हात लावलेला नव्हता. तिनं ते उचललं, उजेडाकडे धरलं, ठिपके बघितले. मग आत जाऊन खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. "कोरडं पडलं हाये," एवढंच म्हणाली, आणि चोळत बसली.

मग मी ते परत शिवलं. नवं भोक एकही पाडलं नाही. तू तेरा वर्षांचा असताना पाडलेल्या भोकांतूनच दोरा नेला. एकशे बारा आहेत, मोजली. शेवटची आठ घाईत पडलेली दिसतात. बाबांनी हाक मारली होती का?

बारांपैकी सात पिशव्या शिवून झाल्या आहेत. पुढं हात चालत नाही. चिठ्ठ्या कोऱ्या आहेत. आधी वाटलं, तुझं नाव घालून टाकावं आणि मोकळं व्हावं. मग मनात आलं, ज्या आरीपासून तू जन्मभर लांब गेलास, तिलाच मी तुझं नाव परत नेऊन बांधायचं, तेही तुला न विचारता? मग मी सुधारलो तो काय! कलावतीशी बोललो. ती म्हणाली, "पहिली अपन संगवारी ला पूछ ले, बबा." आधी तुझ्या दोस्ताला विचार.

म्हणून विचारतो. तू नाही म्हणालास तर हा घाट मी पुन्हा कापणार नाही. सात पिशव्या उसवीन, त्या चामड्याचे पट्टे आणि पाकिटं करीन, दुकानाला काय सांगायचं ते करिष्मा बघेल. हो म्हणालास तर चिठ्ठीवर नाव तुझं, किंमत तू लिहिशील ती, आणि येतील त्या पैशांत आधी तुझा वाटा. आणि काहीच कळवलं नाहीस, तर तेही मला समजेल.

दप्तर आज सकाळी पार्सलनं तुझ्याकडे पाठवलं. या पत्राच्या आधी पोचलं तर बुचकळ्यात पडू नकोस. पोस्टात काउंटरवरच्या मुलीनं उघडून दाखवायला सांगितलं. तिनं ते उचललं, जीभ ओवली, काढली, परत ओवली. अगदी गुरुजींसारखी.

"अरे वा अंकल! किसने बनाया? कितने का है?"

"मेरे दोस्त ने," मी म्हणालो. "धोंडबा नाम है उसका. सातवीं में था, तब बनाया."

जरा मोठ्यानंच बोललो असेन. मागच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"और कीमत?"

"वो उसी को पता है."

तुझा, सातवीत तुझ्या उजव्या हाताला बसणारा,
मारोती
(ज्याला नागपूरला मामा नाहीत)