आत वळलेले केस

३ फेब्रुवारी, सोमवार

चौथी! एका महिन्यात चौथी बाई वॅक्स करून गेली ती पुळ्या घेऊन परत आली. आणि या वेळी कोण, तर आमची पोहणारी. तलावावर बायकांना पोहायला शिकवते, स्वतः स्पर्धांत उतरते, सहा वर्षं दर पाच आठवड्यांनी माझ्याकडेच येते. आज पडद्यामागे आडवी झाली आणि टॉवेल बाजूला केला. दोन्ही जांघांत लाल पुरळ. डावीकडे एक गळू, चांगलं शेंगदाण्याएवढं. भिंग धरून पाहिलं – कातडीखाली केस गोल गुंडाळून बसलाय, बाहेर यायला वाटच नाही त्याला.

पोहायचा सूट वर चढवताना डोळ्यांत पाणी येतं म्हणाली. पंचवीस तारखेला संघाची निवड आहे.

तिला डॉक्टरणीकडे पाठवलं. सुईने टोचू नकोस, चिमट्याने उकरू नकोस, सैल सुती चड्डी घाल, गळू सुकेपर्यंत तलावात उतरू नकोस – सगळं सांगितलं. सांगताना लाज वाटत होती. बावीस वर्षं हेच काम करतेय मी. गावभर पार्लरं झाली तरी ‘त्या’ कामासाठी बायका माझाच हात मागतात.

खांदा आज परत धरलाय. थंडीने असेल. धाकटी बहीण पार्लरात पट्ट्या कापता कापता दिवसभर मागे लागली होती, डॉक्टरला दाखव म्हणून. हिला शिंक आली तरी डॉक्टर आठवतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कामात लक्ष नाही. एका बाईची एक भुवई बारीक झाली. तिच्या लक्षात आलं नाही, पण माझ्या आलं ना!

सगळं आठवून पाहतेय. केस तांदळाच्या दाण्याएवढे वाढल्याशिवाय मी हात लावत नाही. कोमट पाण्याने धुवून जागा कोरडीठाक करते, मग पावडर. वॅक्स केसांच्या दिशेने लावायचं, पट्टी उलट दिशेने ओढायची. एका जागी दोनदाच, तिसऱ्यांदा नाही. लगेच तळहात दाबायचा, मग गार फडकं. यातलं काय बदललं? काहीच नाही. नवा डबा आहे वॅक्सचा, तेवढंच. पण त्याच डब्यातलं हातापायांना लावतो, तिथे कुणाला काही होत नाही.

पावडरीचा डबा फेकून दिला. उगाच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बावीस वर्षांत एकाही बाईने त्या जागेचं नाव घेतलेलं नाही. ‘ते’. ‘खालचं’. ‘आतलं’. ‘सगळं’. बँकेतली तर नुसती भुवई उडवते, आपण समजून घ्यायचं. नाव घेत नाहीत म्हणून तक्रारही करत नाहीत. पुळ्या आल्या की गुपचूप क्रीम लावतात आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जातात. म्हणजे चार आल्या, तर न आलेल्या किती? हा विचार डोक्यातून जाता जात नाही.

बाजूच्या दुकानातली शिंपीणबाई आज सांगत होती, ती नवऱ्याचं दाढीचं पातं घेते, कोरडंच फिरवते, तेही उलट्या दिशेने. आणि वर अत्तर! ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला. तिला काय होतं? काही नाही! साधी खाजसुद्धा नाही. मी जळून गेले.

९ फेब्रुवारी, रविवार

पार्लर बंद. आज स्वतःवर करून पाहिलं.

आतून कडी लावली. त्याच डब्यातलं वॅक्स, मीच तापवलं, मनगटावर लावून पाहिलं. एक पाय स्टुलावर, भिंतीला टेकून. सेहेचाळिसाव्या वर्षी असल्या कसरती! घरून यांचं दोनदा फोन करून विचारून झालं, एवढा वेळ काय करतेस. हिशोब करतेय म्हणून सांगितलं.

दुखलं ते नेहमीएवढंच. एक पट्टी कागदात दुमडून ड्रॉवरमध्ये ठेवलीये, तारीख घालून. का ठेवली, मलाही माहीत नाही. पुरावा म्हणून असेल. दोन दिवसांनी मऊ फडक्याने हलकेच चोळायचं, आणि मग वाट बघायची.

११ फेब्रुवारी, मंगळवार



दुपारी पोहणारीचा फोन आला. गळू डॉक्टरणीने फोडलं, औषध चालू आहे. ठेवता ठेवता म्हणाली, बहिणीवर रागावू नका हं, चूक कुणाकडूनही होते. मी म्हटलं, कसली चूक? तर म्हणाली, त्या दिवशी जिन्यात धाकटीनेच तिला सांगितलं – वॅक्स तिने नीट तापवलं नव्हतं, ताईंच्या हाताचा यात काही दोष नाही.

डोकंच फिरलं माझं! महिनाभर मी जीव टांगून बसलेय, पावडरी फेकतेय, स्वतःची कातडी सोलून घेतेय, आणि ही बाजूला उभी राहून पट्ट्या कापतेय! गिऱ्हाइकाला सांगितलं, मला नाही.

शेवटची बाई गेल्यावर विचारलं. वाटलं होतं, नाही म्हणेल. तर म्हणाली, “हो ताई. माझंच चुकलं.”

मी काय काय बोलले ते लिहवत नाही. चौदा वर्षं माझ्या शेजारी उभी राहिलेली पोरगी. बावीस वर्षांचं नाव महिन्यात बुडवलंस म्हणाले. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. तिने एप्रन काढला, घडी घातली, हीटर बंद आहे ना ते बघितलं आणि गेली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आली नाही. मीच येऊ नकोस म्हटलं होतं, तरी दर वेळी दार वाजलं की मान वळत होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एकटीने चालवणं म्हणजे फरफट आहे. वॅक्स मी तापवायचं, पट्ट्या मी कापायच्या, भुवया मी, फोन मी. पट्ट्यांचा गठ्ठा वरच्या फळीवर असतो. तिथे हात पोचेना, स्टूल घेऊन चढले. हे सगळं ती काढून द्यायची का? कधीपासून? लक्षातच आलं नव्हतं.

शाळेतल्या बाई आल्या होत्या, ‘आतलं’ करायला. सगळं माझ्या हातचं, डोळ्यांत तेल घालून केलं. आता बघू या.

आईचा फोन. धाकटी काही बोलली नाही म्हणे, नुसती सुट्टीवर आहे म्हणाली. मीही काही बोलले नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दहा दिवस झाले. माझी कातडी स्वच्छ! एक पुळी नाही, एक लाल ठिपका नाही. तोच डबा. म्हणजे तापवण्यातच गोम होती. म्हणजे धाकटीच.

आनंद व्हायला हवा होता. संध्याकाळी भाजी निवडताना हे म्हणाले, एवढी धुसफूस कशाला, फोन कर तिला. मी म्हटलं, तुम्ही यात पडू नका. ते पडले नाहीत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शाळेतल्या बाई आल्या. पदराआड तोंड करून म्हणाल्या, “मॅडम, थोडं बघता का?”

पुरळ. दोन्हीकडे. दोन ठिकाणी केस आत वळलेले, मला भिंगाशिवाय दिसले.

वॅक्स मी तापवलं होतं. पट्टी मी कापली होती. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच जाऊन पार्लर उघडलं. कचऱ्याच्या डब्यातून कालची, बँकेतलीच्या कामाची पट्टी उचलली – शी शी करत, पण उचलली. ड्रॉवरमधली माझी पट्टी काढली. दोन्ही खिडकीत शेजारी ठेवल्या आणि भिंग धरलं.

माझ्या पट्टीवरच्या प्रत्येक केसाला तळाशी पांढरं टोक आहे. मुळासकट निघालेला केस तसाच दिसतो. तिच्या पट्टीवर निम्म्या केसांना ते टोकच नाही. तुटलेत. कातडीच्या आतच तुटलेत, आणि मूळ तिथेच राहिलंय. असाच केस परत वाढताना वाट चुकतो आणि आत वळतो. हे मी शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते!

आणि केस तुटतो कधी? पट्टी छताकडे ओढली की. कातडीलगत, आडवी, सरळ मागे न्यायची असते ती. हेही मी पहिल्याच दिवशी सांगते.

पलंगावर उशी बांधली, तिच्यावर पट्टी चिकटवली, मोठा आरसा समोर ओढला. रोजच्यासारखी उभी राहिले आणि ओढली.

हात वर गेला. छताकडे.

परत केलं. परत वर. मुद्दाम मागे न्यायला गेले तर कोपर एका जागी अडलं आणि खांद्यातून अशी कळ आली की खालीच बसले. खांदा मागे जातच नाही माझा. म्हणून मनगटातून झटका देतेय मी, वर. दोन-अडीच महिने रोज देतेय, आणि मला पत्ता नाही. डिसेंबरात न्हाणीघरात पाय घसरला, नळाला लटकले, तेव्हापासूनचं दुखणं. थंडी म्हणत बसले.

स्वतःवर केलं तेव्हा हात अंगालगतच होता. नुसतं कोपर दुमडलं की पट्टी सरळ पोटाकडे येते, खांद्याचं कामच पडत नाही. म्हणून माझी कातडी स्वच्छ. आणि हातापायांचं काम तर दोन वर्षं धाकटीच करते.

वॅक्सचा काही दोष नव्हता. तिचा काही दोष नव्हता. तिला मी काय काय बोलले!

पण मग ती हो का म्हणाली?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज निवड होती. पोहणारी पाण्यात उतरलीच नाही. जखम अजून ओली आहे, डॉक्टरणीने परवानगी दिली नाही. माझ्यामुळे.

मी फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. माझा खांदा, माझा हात, माझी चूक.  पुढच्या वर्षी बघू म्हणाली. मग तिनेही तेच विचारलं – मग बहिणीने तसं का सांगितलं?

बाकीच्या तिघींनाही फोन लावले. तिघींनी तेच सांगितलं. प्रत्येकीला धाकटीने जिन्यात गाठलं होतं. प्रत्येकीला म्हणाली होती, वॅक्स माझ्याकडून बिघडलं, ताईंचा हात तोच आहे, पुढच्या वेळी नक्की या.

दिवसभर घरात येरझारा घातल्या. हे म्हणाले, जमीन झिजेल. उद्या जाते तिच्याकडे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

गेले. तिला डिसेंबरपासून माहीत होतं. माझा हात वर जातोय हे तिला पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं. म्हणूनच ती डॉक्टर, डॉक्टर करत मागे लागली होती. मी विचारलं, स्पष्ट का नाही सांगितलंस? म्हणाली, “तुझा हात गेला असं तुलाच कसं सांगू, ताई? आणि बायकांना कळलं असतं तर त्या परत आल्या नसत्या. माझ्या हाताचं काय, मला कोण ओळखतं?”

परत ये म्हणायला गेले होते, त्याआधीच ती उठली. तिने खुंटीवरची पिशवी घेतली, चपला घातल्या. जिना उतरताना म्हणाली, आधी डॉक्टर. मग उद्यापासून तू नुसती कातडी ताणून धर, पट्टी मी ओढते.