इलोनाचं बेरेग

मंगळवार, १४ ऑक्टोबर. ईलिंग.

शेजारच्या इलोनाला आज मेमरी क्लिनिकला घेऊन गेले. वय नव्वद. नर्सनं विचारलं, "जन्म कुठल्या देशातला?" ती म्हणाली, "बेरेगमधला." नर्सनं फॉर्मवर लिहिलं, "गोंधळलेली." मला दिसत होतं, तरी गप्प बसले. का बसले?

बसस्टॉपवर इलोना आपणहून सांगू लागली. बेरेग हा हंगेरीचा जुना जिल्हा. वर कार्पेथियन डोंगर, खाली तिसा नदी, मधे तिचं मुंकाच गाव. ती जन्मली तेव्हा तिथं चेकोस्लोव्हाकिया होता. मग पुन्हा हंगेरी आली, मग सोव्हिएत, आता युक्रेन. "वडील शेवटपर्यंत बेरेगच म्हणायचे." यात गोंधळलेलं काय आहे? तो शब्द काही डोक्यातून जाईना.

बस सोडली आणि तिला परत आत नेलं. नर्सनं सगळं नीट ऐकून घेतलं, सॉरी म्हणाली आणि लिहिलेलं खोडलं. मला जिंकल्यासारखं वाटलं.

"आलाच आहात तर एक प्रश्न राहिलाय," नर्स म्हणाली. "इलोना, आज वार कुठला?"

इलोना हसली. मग माझ्याकडे वळली.

"तू सांग ना गं," म्हणाली.