रेड रॉकमधली दुपार

३ एप्रिल २००२
आज रेड रॉकला राहायला आलो. भद्रावतीच्या पुढे, तांबड्या मुरमाच्या उजाड माळावर बारा बैठी घरं, सगळी आमच्यासारख्या म्हाताऱ्यांची. नाव बिल्डरनं काउबॉयच्या पुस्तकांतून उचललेलं. ब्रह्मपुरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असताना तसली पुस्तकं मी ढिगानं वाचली. दर तिसऱ्या पुस्तकात एक रेड रॉक असायचंच. फाटकावर सिमेंटचं निवडुंग आहे. गिरजा म्हणाली, "अन् घोडा कुठी बांधला?" खूप दिवसांनी दोघं नवरा-बायको मिळून हसलो.

८ एप्रिल
पाचवा दिवस, नळाला पाणी नाही. अर्ज लिहून सह्यांसाठी घरोघर फिरलो. एकानंही सही केली नाही. शेजारचे बाबूभाई, पूर्वी शिलाईचं दुकान चालवायचे, म्हणाले, "कायले दगदग करता भाऊ? इथी राह्यलं की तहान कमी होते." सगळे असंच गोड बोलतात. डोकं फिरतं.

१५ एप्रिल
पंचेचाळीस डिग्री. दुपारी दोनला कॉलनीतली सगळी म्हातारी माणसं अनवाणी माळावर गेली. मागच्या कुंपणापलीकडे जमिनीला भेगा आहेत, त्यांतून धूर निघतो. तिथं जमिनीला कान लावून तासभर पडून राहिली. चौकीदार पोचूला विचारलं. खाली जुनी बंद खाण आहे, कोळसा आतल्या आत जळतो, म्हणाला. मग ही माणसं ऐकतात काय? तो स्वतः कुंपण ओलांडत नाही.

२१ एप्रिल
आज गिरजाही माळावर गेली. तळपायांना फोड आलेत. खोबरेल लावलं तर म्हणाली, दुखत नाही. तिची वारलेली बहीण खालून बोलते म्हणे. "खाली गार हाय, ये म्हणते." मी तीस वर्षं लायनीवरचे आवाज ऐकले. वाफेचा आवाज असेल, असं समजावलं. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. नुसती हसली, बाबूभाईंसारखी.

२४ एप्रिल
पोलीस ठाण्यात जाऊन आलो. म्हाताऱ्यांनी कुठं पडावं याला कायदा नाही, असं जमादार म्हणाला. बिल्डरच्या ऑफिसला कुलूप. उद्या गडचिरोलीला लेकीकडे निघायचं ठरवलं. दामिनीच्या घरी काही दिवस राहू. गिरजा हो म्हणाली.

२५ एप्रिल
दोन एसट्या हात करूनही थांबल्या नाहीत. दुपार फाट्यावरच झाली. जीप मिळते का, हे पाहायला टपरीपर्यंत गेलो. दहा मिनिटं. परत आलो तर पिशव्या होत्या, गिरजा नव्हती.
माळाकडे धावलो. भेग कालच्यापेक्षा रुंद. काठाशी बाबूभाई. ते शांतपणे म्हणाले, "भाभी पोचल्या भाऊ. फिकर नोका करू."
त्यांची कॉलर धरली. तरी हसतच होते.

२६ एप्रिल
पोलीस आले. धूर पाहिला, आत विषारी गॅस म्हणाले, यंत्र उद्या आणतो म्हणाले. गेले.
दोर सोडला. पुरला नाही. मग भेगेत हात घातला. वरून धूर, बाजूचा मुरूम तापलेला — आणि आत गार. विहिरीतल्यासारखं गार.
पोचू नोकरी सोडून गेला.

२७ एप्रिल
यंत्र नाही. उद्या म्हणतात. रोज उद्या.
दोन वाजले. बाहेर सगळी निघाली. मी कडी घातली.
आवाज फरशीखालून येतो. घरात. गिरजाचाच. चौतीस वर्षांत तिनं माझं नाव घेतलं नाही. "अवो" म्हणायची, बस.
आता नाव घेते. मुखरू. मुखरू.
ती गिरजा नाही. कळतं मला. तरी कडी —