बोदिल आत्याचा झेंडा

तीर्थरूप बोदिल आत्याच्या पायी आस्गरचा भीतभीत नमस्कार. तुझी प्रकृती कशी आहे? (रीत म्हणून विचारत नाही, लेखी उत्तर हवं आहे.) ऐंशीव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा उशिरा देतोय, कारण त्या दिवशी दुपारपासून तू आमच्या नोंदीत वारलेली आहेस.

रागावू नकोस, आधी ऐक. आपल्या बागसंघाची वेबसाइट मी बांधली, हे तू शेजारणींना कौतुकानं सांगत असतेस. (आता सांगू नकोस.) कुणाचा वाढदिवस असला की त्याच्या नावापुढे झेंडा काठीच्या टोकाला, कुणी गेलं की अर्ध्यावर, आपण अंगणात करतो तसंच. मी म्हटलं, झेंडा दिसतोच आहे, तर माणूस आहे की गेला हे वेगळं कशाला लिहून ठेवायचं? प्रोग्रामनं झेंड्याची उंची बघावी आणि समजून घ्यावं. ऑफिसातल्या सिग्नेनं तेव्हाच बजावलं होतं, की खरं काय ते एकीकडे ठेव आणि दिसतं काय ते दुसरीकडे. मी हसण्यावारी नेलं. तुझ्या वाढदिवशी तिनंच, फोनच्या पडद्यावर झेंडा मथळ्यावर चढतो म्हणून, तो जरासा खाली घेतला. झेंडा एकच होता, तुझा. प्रोग्रामनं तुला गेलेली धरलं आणि संघाकडून तुला मिळालेली बाग, कुंपणाजवळच्या आंबट बोरांसकट, प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला देऊन टाकली.

मी अध्यक्ष थोरुपसाहेबांकडे धावलो. ते शांतपणे म्हणाले, "नोंदीत बाई गेल्यात. त्यांचं मत वेगळं असेल, तर रविवारच्या सभेत येऊन सांगू देत." सिग्नेनं आता खरं आणि दिसणं या दोघांची चूल वेगळी केली आहे, पण झालेली नोंद फक्त सभाच पुसू शकते. आत्या, मला फार भीती वाटते आहे. तरीही पुढचा वाढदिवस कुणाचा, हे बघायचा धीर होत नाही.

तुझा घाबरलेला भाचा,
आस्गर

ता. क. सभेला ये आणि सगळ्यांसमोर मला मनसोक्त झाप. तुझा आवाज ऐकल्यावर तू गेलीस असं कुणी म्हणणार नाही.

आणखी एक ता. क. यादीतला पुढचा माणूस मीच आहे. शपथेवर सांगतो, मुद्दाम केलेलं नाही. फक्त येताना बागेवरून येऊ नकोस. माझ्या बायकोनं, मेटेनं, कालच तिथली तुझी खोपटी हिरवी रंगवायला घेतली आहे. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "आत्या असत्या तर त्यांनाही हा रंग आवडला असता."